अफवेला तोंडे किती?

मराठी माणसाला अफवेचे वावडे नाही, याचा पुरावा हवा असेल तर शब्दकोश उघडावा. वावडे नाही, वावड्या मात्र पुष्कळ! वावडी म्हणजे पतंग. दोरी आपल्या हातात ठेवून वाऱ्यावर सोडावयाची आणि ती उंच गेली की आपणच खाली उभे राहून 'वा!' म्हणावयाचे. कोणी कंडी पिकवतो, कोणी आवई उठवतो, कोणी हूल देतो. कुठे भुमका उठते, कुठे नुसतीच कुजबुज चालते. संस्कृताची आवड असेल त्याने 'वदंता' म्हणावे, 'किंवदंती' म्हणावे. हा शब्द तर मोठा गमतीचा आहे. 'किं वदन्ति?' म्हणजे 'लोक काय म्हणतात?' या प्रश्नाचेच पुढे नाम झाले. एकाने विचारले, "काय म्हणतात हो लोक?" आणि बातमी तयार झाली!

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना शब्दांच्या कुळकथा नव्या नाहीत. तेव्हा आज मुख्य शब्दाचे कूळ पाहू. 'अफवा' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मुळात तो अनेकवचनी आहे आणि त्याचा अर्थ 'तोंडे'. एक तोंड म्हणजे अफवा नव्हे. तोंडे जमली की अफवा झाली. अरबांनी नाव ठेवताना वस्तूचे मर्मच सांगून टाकले आहे.

मी मराठीचा अध्यापक. मानसशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण शब्द जिकडे जाईल तिकडे त्याच्यामागे जाणे हा आमचा धंदाच आहे. आणि हा शब्द मला समाजमानसशास्त्र नावाच्या शास्त्राच्या दारात घेऊन गेला. एकटा माणूस एक वागतो आणि चारचौघांत दुसरेच वागतो, ते का, याचा शोध हे शास्त्र घेते. त्याची चार मूलतत्त्वे आज अफवेच्या निमित्ताने पाहावयाची आहेत. विषय जड वाटला तर हरकत नाही. शेजारी चिवड्याची बशी असावी, एवढीच अट.

प्रारंभ बिहारपासून करू. १५ जानेवारी १९३४ रोजी भर दुपारी बिहार आणि नेपाळ यांना भयंकर भूकंपाचा तडाखा बसला. मुंगेर आणि मुझफ्फरपूर ही शहरे उद्ध्वस्त झाली. दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. इतक्या मोठ्या आघाताला कारणही तेवढेच मोठे हवे, असे माणसाच्या मनाला वाटते. हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाचे फळ आहे, असे खुद्द गांधीजी म्हणाले आणि रवींद्रनाथांनी त्यावर जाहीर हरकत घेतली. थोरांची ही गोष्ट, मग सामान्यांचे काय? पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी त्या दिवसांत लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या अफवा टिपून ठेवल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. अफवा कसल्या? भूकंपाच्या वेळी गंगेचे पाणी नाहीसे झाले आणि स्नान करणारी माणसे वाळूत रुतली. पाटण्यावर दोन-चार दिवसांत मोठे वादळ येणार. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार. २६ फेब्रुवारीला तर प्रलयच!

वीसेक वर्षांनी हा निबंध लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाचनात आला आणि तो एका जागी अडला. अडला, म्हणूनच शास्त्र पुढे गेले. त्याला प्रश्न पडला तो असा : भीती कोणालाच आवडत नाही. मग आधीच घाबरलेली माणसे आणखी घाबरविणाऱ्या गोष्टी का रचतात? 'आता सर्व ठीक होईल' अशी अफवा का उठत नाही?

त्याला जे उत्तर सुचले ते मोठे मार्मिक आहे. या अफवा जिथे टिपल्या तिथल्या लोकांना धक्का जोराचा बसला होता, पण त्यांच्या भोवती पडझड फारशी झाली नव्हती. म्हणजे काळीज धडधडत होते आणि डोळ्यांसमोर धडधडण्याजोगे काही नव्हते! मनात भीती आणि भोवती स्वस्थता, या दोहोंचा मेळ बसेना. तो बसविण्यासाठी मनाने पुढचे संकट निर्माण केले. 'मी उगाच घाबरलेलो नाही, खरोखरच प्रलय येणार आहे.' अफवेने भीती निर्माण केली नाही. भीतीने आपल्या समर्थनार्थ अफवा निर्माण केली.

याला उलट बाजूनेही आधार मिळाला. १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्या. तिथल्या अफवांचा अभ्यास दुर्गानंद सिन्हा यांनी केला. ज्यांनी प्रत्यक्ष मृत्यू आणि विध्वंस पाहिला होता, त्यांच्यात 'आणखी मोठे संकट येणार' अशा भाकितांचा सुळसुळाट नव्हता. भीतीचे कारण ढिगाऱ्याच्या रूपाने समोरच पडले होते, दुसरे शोधावयाचे कशाला?

मनातल्या दोन गोष्टींचा मेळ बसला नाही की माणूस बेचैन होतो आणि तो मेळ कसाबसा बसवून टाकतो, हा फेस्टिंजरचा सिद्धांत १९५७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. आपण याला मनातला विसंवाद म्हणू. ऐपतीबाहेरची पैठणी घरी आणल्यावर गृहिणी तिच्या पोताची जी स्तुती करते, आणि ते ऐकून गृहस्थ जी मान डोलावतो, ती याच सिद्धांताची उदाहरणे. आज जगभर हा सिद्धांत शिकवितात. त्याचे एक मूळ बिहारच्या मातीत आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही.

मेळ भीतीशीच घालावयाचा असतो असे नाही. तो दुःखाशीही घालावा लागतो. १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. सदाशिवराव भाऊ पडले. पण एवढा पुरुष असा नाहीसा व्हावा, हे महाराष्ट्राच्या मनाला पटेना. भाऊसाहेब जिवंत आहेत, ही वदंता कित्येक वर्षे मावळली नाही. पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत वैधव्य पत्करले नाही. या पटत नसलेल्या दुःखाच्या जोरावर एक तोतया उभा राहिला. १७७६ मध्ये त्याने कोकणात चांगलाच धुमाकूळ घातला आणि त्याच वर्षी तो पकडला जाऊन त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले ते यावरच. मला वाटते, त्या तोतयाला भाऊसाहेबांसारखे दिसण्याचे फारसे श्रम पडले नसावेत. लोकांचे डोळे निम्मे काम आधीच करून बसले होते.

तर मग अफवा पिकते केव्हा? गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोघांनी १९४७ मध्ये अफवेच्या मानसशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात एक सुटसुटीत सूत्र मांडले. विषयाचे महत्त्व आणि माहितीची संदिग्धता, या दोहोंचा गुणाकार म्हणजे अफवेचा जोर. बेरीज नव्हे, गुणाकार. म्हणजे दोहोंतले एक जरी शून्य झाले तरी उत्तर शून्य. दूरच्या एखाद्या अनोळखी देशात लोकरीचा भाव किती, हे आपणास मुळीच ठाऊक नाही. पण त्याची अफवा आपल्या चाळीत उठणार नाही, कारण आपणास तिचे काय? उलट, आपल्या मुलाची परीक्षा किती तारखेला, ही गोष्ट अतिमहत्त्वाची; पण वेळापत्रक हातात असेल तर तिथेही अफवा उठणार नाही. तेच वेळापत्रक 'लवकरच कळविण्यात येईल' असे म्हणून अडवून ठेवा. संध्याकाळच्या आत तीन तारखा गावभर होतील!

हे सूत्र आपल्या इतिहासाला लावून पाहावे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मरण दारात उभे. तेव्हा महत्त्वाविषयी बोलावयास नको. सरकार माणसे उचलून रुग्णालयात नेत होते. तिथे गेलेला माणूस बहुधा परत येत नसे, आणि आत काय चालते हे घरच्यांना कोणी समजावून सांगत नसे. म्हणजे संदिग्धताही पुरेपूर. तेव्हा कंडी पिकली, की रोग्यांना मारून त्यांच्या देहातून मोमियाई नावाचे औषधी तेल काढतात. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आज आपण त्या कामगारांना अडाणी म्हणून मोकळे होतो. पण ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांचे सूत्र डोळ्यांपुढे ठेवले तर निम्मा दोष, न बोलणाऱ्या सरकारच्या पदरी घालावा लागेल.

अफवा पिकल्यावर कर्णोपकर्णी जाताना तिचे काय होते, हेही या दोघांनी पाहिले. एकाला चित्र दाखवावयाचे, त्याने ते न पाहिलेल्या दुसऱ्याला वर्णन करून सांगावयाचे, दुसऱ्याने तिसऱ्याला. पाच-सहा तोंडांनंतर मूळ तपशिलापैकी सुमारे सत्तर टक्के गळून गेला. जो उरला तो अधिक टोकदार झाला. आणि, ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, तो ऐकणाऱ्यांच्या पूर्वग्रहांच्या साच्यात बसला. त्यांच्या एका चित्रात आगगाडीच्या डब्यात दोघे बोलत उभे आहेत, एक गोरा आणि एक काळा. गोऱ्याच्या हातात वस्तरा आहे. हे चित्र घेऊन केलेल्या निम्म्याहून अधिक प्रयोगांत, सांगता सांगता कुठेतरी तो वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला! कोणी मुद्दाम खोटे बोलत नव्हते. वस्तरा आपल्या पायांनी चालत गेला आणि समाजाने त्याच्यासाठी जी जागा राखून ठेवली होती तिथे जाऊन बसला.

'पराचा कावळा' हा आपला वाक्प्रचार त्यामुळे थोडा अपुरा वाटतो. पर कोणाचाही असो, कावळा होतो तो आपल्या मनात आधीपासून बसलेल्या रंगाचा.

हा रंग बहुधा कसला असतो? दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेत फिरणाऱ्या हजाराहून अधिक अफवा रॉबर्ट नॅप याने तपासल्या आणि त्यांचे तीन वर्ग केले : आशेच्या, भीतीच्या आणि द्वेषाच्या. आशेच्या अफवा शंभरात दोनच निघाल्या. भीतीच्या सुमारे पंचवीस. उरलेल्यांतल्या बहुतेक, म्हणजे एकूण अफवांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश, द्वेषाच्या होत्या. आणि त्यांचा रोख शत्रूपेक्षा आपल्याच देशातील कोणत्या ना कोणत्या गटावर होता. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्यायले, ती आशेची अफवा. तिने कोणाचे वाईट केले नाही, फारतर दूध वाया गेले. सर्वच अफवा अशा असत्या तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

पण १ जुलै २०१८ या दिवसाचे काय करावयाचे? धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, राईनपाडा नावाचे गाव आहे. रविवार होता, आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षेकरी म्हणून गावोगाव फिरणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे निरोप त्या दिवसांत मोबाइलवर जिकडेतिकडे येत होते. जमावाने त्या पाच जणांना मुले पळविणारे ठरविले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशाच अफवेच्या दिवसांत जमावाच्या हाती सापडले. तेही वाचले नाहीत.

आता वरची सर्व तत्त्वे इथे लावून पाहा. मुलापेक्षा महत्त्वाचे काय आहे? गावात आलेल्या परक्या माणसापेक्षा संदिग्ध काय आहे? गुणाकार पुरा झाला. वस्तरा कोणाच्या हातात जाणार, हेही ठरलेले. ज्याला घर नाही, शेत नाही, ज्याची ओळख सांगणारा गावात कोणी नाही, त्याच्या. भटक्या जमातींना इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जन्मतः गुन्हेगार ठरविण्यास सुरुवात केली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण संशय कायद्याबरोबर रद्द होत नाही. आणि गळतीचे म्हणाल तर त्या काळी देशभर फिरलेली एक चित्रफीत उदाहरण म्हणून पुरे. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, असे त्यात दिसते. मुळात ती कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केली होती आणि मूळ फितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला होता. ऑलपोर्टच्या प्रयोगात तपशील आपोआप गळत होता, इथे तो कात्रीने गाळला गेला. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास बंदी केली. तोंडांची संख्या कमी करण्याचा हा उपाय योग्यच होता. पण पाच तोंडेसुद्धा पुष्कळ असतात, हे वर आपण पाहिलेच.

कोणी म्हणेल, "अहो, आग असल्याशिवाय धूर निघतो का?" ही म्हण फार जपून वापरली पाहिजे. धूर आहे तर आग आहे हे खरे; पण ती कुठे आहे, हे म्हण सांगत नाही. बिहारच्या प्रलयाची आग पाटण्याच्या माणसांच्या छातीत होती. राईनपाड्याची आग त्या पाच जणांच्या झोळीत नव्हती.

एक प्रश्न उरतो आणि मला तो सर्वांत अस्वस्थ करतो. एवढ्या मोठ्या बाजारात, 'हे भिक्षेकरी दिसतात, यांना विचारून तरी पाहू' असे मनात आलेला एकही माणूस नसेल? असलाच पाहिजे. मग तो बोलला का नाही?

याचे उत्तर आपल्या पंचतंत्रात आहे. यज्ञासाठी बोकड खांद्यावर घेऊन ब्राह्मण निघतो. वाटेत अंतराअंतरावर तीन ठग भेटतात आणि प्रत्येक जण म्हणतो, 'कुत्रा कशाला नेता?' तिसऱ्यानंतर ब्राह्मण बोकड टाकून पळतो. ही गोष्ट सांगून आपण मुलांना हसवितो. सॉलोमन ॲश या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास हीच गोष्ट प्रयोगशाळेत करून पाहिली. कागदावर एक रेघ, शेजारी तीन रेघा. तिघींतली कोणती पहिलीएवढी, ते सांगावयाचे. शाळेतले पोरही चुकणार नाही इतके सोपे. खोलीत सात-आठ जण, पण त्यांतला एकच खरा. बाकीचे सर्व ॲशने पढवून ठेवलेले. ते एकापाठोपाठ एक धडधडीत चूक उत्तर देत. मग त्या बिचाऱ्या एकट्याची पाळी येई. अशा वेळी सुमारे एक-तृतीयांश उत्तरे त्याने डोळ्यांना दिसत असूनही चूक दिली, आणि चार माणसांतली तीन निदान एकदा तरी वाहवली. रेघ लहान की मोठी, यात कोणाचे प्राण जाणार नव्हते, तरी ही कथा.

पण ॲशने आणखी एक प्रयोग केला. पढविलेल्या मंडळींतल्या एकाला त्याने खरे उत्तर देण्यास सांगितले. फक्त एकाला. लगेच त्या बिचाऱ्याच्या चुका चौथाईवर आल्या. बहुमत तेवढेच मोठे होते, पण आता तो एकटा नव्हता.

पंचतंत्रातल्या ब्राह्मणाला तसा एक वाटसरू भेटला असता तर बोकड वाचला असता. राईनपाड्यात तसा एक आवाज मोठ्याने उठला असता तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. पण जमावातल्या गप्प बसलेल्या दहा जणांना त्याच आवाजाची वाट असावी, असे मानावयास ॲशचा प्रयोग भक्कम आधार देतो. म्हणून अफवेशी लढण्याचे काम पोलिसांचे आणि सरकारचे आहे असे म्हणून आपणास सुटता येत नाही. सरकारने वेळेवर, स्पष्ट आणि लोकांच्या भाषेत बोलले पाहिजे. संदिग्धता शून्यावर आणणे त्याच्या हाती आहे. बाकीचे काम, जो कोणी त्या क्षणी तिथे उभा असेल त्याचे.

ते काम फार मोठे नाही. दिवाळीत घरे माणसांनी भरतील. फराळ चालू असताना कोणीतरी मामा खिशातून फोन काढतील आणि म्हणतील, "हे पाहिलेत का? अमुक लोक असे करतात म्हणे." सगळे माना हलवतील. अशा वेळी वाद घालू नये. मामांचा मान राखावा. फक्त लाडू खाली ठेवून शांतपणे विचारावे, "मामा, हे पाहिले कोणी? याच्या आधी काय होते आणि पुढे काय झाले?" आणि स्वतःच्या मनाला, मनातल्या मनात, आणखी एक : 'हे मला इतके चटकन खरे का वाटले?' मामा कदाचित रागावतील. पण समोरच्या पाटावर बसलेला, इतका वेळ गप्प असलेला एखादा भाचा मान वर करून पाहील. तो इतका वेळ दुसऱ्या तोंडाची वाट पाहत होता.